मांय बसायची तो पाट

पेडण्याच्या सुमंगलेला चित्रांचं वेड लहानपणापासूनचं. गोवा मुक्त झाल्यावर चार वर्षांनी ती पणजीला जाऊन लाकडावर चित्र कोरून कागदावर छापायला शिकली, तेव्हा वर्गात मुलगी अशी ती एकटीच. पुढे लग्न होऊन मुळगावला आली आणि सासूने, पद्मावतीमांयने, एका वाक्यात निकाल लावला. "चित्रां काडून पोट भरना."

सुमंगला उलट बोलणाऱ्यातली नव्हे, पण हात स्वस्थ बसेनात. फळी मागायची सोय नव्हती. मग तिने मांयच्याच जेवणाच्या पाटाच्या खालच्या पट्ट्या काढल्या आणि दुपारी मांयचा डोळा लागला की तळाला चित्र कोरू लागली: विळीवर नारळ खवणारी मांय. धाडस म्हणा की खुळेपणा.

एकदा तळाला काजळीची शाई फासून ती कागद शोधत होती, तोच मांय जेवायला आली. सुमंगलेने घाबरून पाट तसाच सारवलेल्या ओलसर जमिनीवर टेकवला. मांय जेवली, उठली, पाट उचलून भिंतीला लावला. जमिनीवर ती स्वतःच होती, विळीसकट.

सुमंगलेने मनातल्या मनात बोचकं बांधलं. आता रवानगी माहेरी, दुसरं काय?

मांयने वाकून ते चित्र न्याहाळलं.

"नाक माजें इतलें व्हड ना," ती चित्रातल्या लांबलचक नाकाकडे बोट दाखवत म्हणाली. मग पाट परत हातात घेऊन, "कागद हाड गो. परत बसतां." सुमंगला धावत कागद घेऊन आली.

त्यानंतर वीस वर्षं हाच त्या घरचा छापखाना. सुमंगला फणसाच्या फळ्या कोरायची, खाली कागद घालायची आणि मांय वर ऐसपैस बसून तांदूळ निवडायची. पणजीला प्रदर्शनं झाली, नाव झालं. नवऱ्याने, गोकुळदासने, कौतुकाने छपाईचं लोखंडी यंत्र आणलं. ते ओसरीवर झाकूनच राहिलं. मांयला उठवून त्याला हात लावायचं सुमंगलेच्या जिवावर यायचं.

मग मांय आजारी पडली, वाळून काडी झाली. ठसे फिके पडू लागले. नजरही गेली, तरी बसायचा हट्ट सुटेना. शेवटी एकदा सुमंगलेने तो पहिला पाट काढला, शाई लावली आणि मांयला उचलून त्यावर बसवलं. कागद काढला तर विळीची कड तेवढी दिसत होती.

"उमटलें गो?" मांयने विचारलं.

"उमटलें, मांय," सुमंगला म्हणाली आणि तो कागद तिने इतरांसारखाच दोरीवर वाळत घातला.