काकांचा गंजलेला बोल्ट

माझ्या मोठ्या काकांइतका मूर्ख माणूस आमच्या बेटावरच्या सूयाक गावात दुसरा नव्हता, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. सरकारी कचेरीत कारकून होते. सत्तरच्या दशकात त्यांनी एका साहेबाची जुनी इंग्रजी गाडी घेतली आणि त्या दिवसापासून पायी चालणारी माणसं त्यांना दिसेनाशी झाली.

गावातले मराठी लोक गणपती डोक्यावर घेऊन समुद्राकडे चालत जायचे. आमचा गणपती गाडीतून जायचा. नुसता किनाऱ्यापर्यंत नाही. काका गाडी थेट लाटांत घालायचे, चाकं अर्धी बुडेपर्यंत, म्हणजे देवाला वाळू तुडवावी लागू नये. घरी आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुऊन घे, असं माझे बाबा दरवर्षी सांगत. काका म्हणत, विसर्जनाचं पाणी आहे, ते पुसायचं नसतं, सुकू द्यायचं असतं. अशा रीतीनं त्यांनी वर्षानुवर्षं मीठ चोळून गाडीचं लोणचं घातलं.

ऐंशीनंतरच्या एका वर्षी गणपती गेले आणि पुढचं चाक खडखडू लागलं. सस्पेन्शनमधलं रबर संपलं होतं. ते बदलायचं तर त्यातून आरपार गेलेला लांब बोल्ट काढायला हवा, आणि तो गंजून आतल्या लोखंडी नळीशी एकजीव झाला होता. त्याच सुमारास काकीच्या आईनं अंथरूण धरलं. काकीचं माहेर लॉंग माउंटनला, बेटाच्या दुसऱ्या टोकाला. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला की म्हातारी लेकीचं नाव घेतेय, लवकर या.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते. रजा काढून काकीला बसनं नेते म्हणाले. काकांना ते अपमानासारखं लागलं. दारात गाडी असताना आपल्या घरची बाई बसमध्ये धक्के खात जाणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. गाडी दारात होतीच म्हणा, एक चाक काढून दगडांवर चढवलेली. बोल्ट उद्या निघतोच, म्हणाले.

मग ते 'उद्या' सुरू झाले. आधी मशीनचं तेल ओतलं, मग देवघरातलं दिव्याचं. नट काढून त्यांनी बोल्टाच्या उघड्या आट्यांवरच हातोडा घातला. टोक चेपून अळंबीसारखं पसरलं, आणि आता बोल्ट पुढे सरकेना, नट परत बसेना. पान्याला पाइप लावून त्यावर लोंबकळले, तर पाइप वाकला. मग आग लावली. रबर पेटलं, अंगणभर काळा धूर झाला. कचेरीतले त्यांचे मित्र रविवारी येऊन चहा ढोसत आणि इंग्रजी पोलादाचं कौतुक करत. कामापुरता मामा तरी बरा, हे कामाचेही नव्हते.

समोरचा गॅरेजवाला कुंपणावरून बघायचा. तोही काही मोठा कारागीर नव्हता, सरळ झालेलं वाकडं करण्यात त्याचा हातखंडा. पण एवढं त्यालाही कळत होतं. "टोंटों, बिझें कुपे," म्हणाला. म्हणजे काका, कापायलाच हवा, करवतीनं दोन्हीकडून कापा, नवा घाला. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, असले बोल्ट कापायचे नसतात, काढायचे असतात.

काकी रोज सकाळी जाण्याची साडी नेसून व्हरांड्यात बसायची आणि संध्याकाळी ती घडी करून ठेवायची. मला काकांची किळस येत होती आणि काकीचाही राग येत होता. नवऱ्यावर विश्वास ठेवायचा, पण किती?

एका सकाळी दुसरा फोन आला की आता वेळ नाही. काकीनं पिशवी उचलली आणि मला म्हणाली, "चल." गाडीखालून काका ओरडले, थांब, हलला बघ. ती थांबली नाही.

क्युरपीपची बस, तिथून पोर्ट लुईची, तिथून लॉंग माउंटनची. प्रत्येक बसमध्ये बसायला जागा मिळाली. कुणी धक्का दिला नाही. एका बाईनं काकीला खिडकी दिली. शेवटी उसातून गाव दिसू लागलं तेव्हा ऊन उतरलंही नव्हतं.

म्हातारीला जाऊन तासही झाला नव्हता. काकी तिच्या उशाशी बसली, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "एवढीच वाट होती?"

 

काका दहाव्याला आले. गाडीतून, हॉर्न वाजवत. शेवटी गॅरेजवाल्यानंच बोल्ट कापला होता, चहा पिऊन होईस्तोवर. कापलेले तुकडे त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून आणले होते, आणि सुतकातल्या माणसांसमोर पुडी उघडून दाखवत होते की असं पोलाद आता मिळत नाही. लोक बघत होते, कारण पाहुण्याला काय म्हणणार?

निघायच्या वेळी त्यांनी काकीसाठी गाडीचं दार उघडून धरलं. "आलों, चल, लोतो तयार आहे."

काकीनं पिशवी काखेला लावली. "तुम्ही जावा गाडीनं," ती म्हणाली. "मला वाट ठाऊक झालीय."