न वाचलेल्या ओळी

रेवदंड्याच्या अलीकडे बोरदांडा नावाचा कोळीवाडा आहे. तिथल्या शाळेत पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर भाषण करायचं ते हरेश्वर टिपणीसांनी, असा जवळजवळ चाळीस वर्षांचा रिवाज होता. टिपणीस भूमापन खात्यात कारकून होते. नोकरीत मोडी शिकले आणि निवृत्तीनंतर त्याच मोडीमुळे लोकांना माहीत झाले. कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली तेव्हा पार माणगावहून माणसं जुने कागद घेऊन त्यांच्या दारात यायची. ते कुणाला परत पाठवत नसत.

भाषणात ते आजोबांची गोष्ट सांगत. आजोबा, रावसाहेब टिपणीस, इंग्रजी अमलात मामलेदार होते. १९३० साली बोरदांड्याच्या सात कोळ्यांनी किनाऱ्यावर मीठ उचललं, तेव्हा पंचनाम्याला रावसाहेबच आले. टिपणीस सांगत, "आजोबा घोड्यावरून उतरले, लोकांकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभे राहिले, आणि तेवढ्यात लोकांनी मीठ घरात नेलं. सरकारची चाकरी होती, पण मन आपलं होतं." मुलं टाळ्या वाजवत. आजोबा मनाने देशाचे होते, एवढंच टिपणीसांनी वडिलांकडून ऐकलेलं होतं. पाठ करून उभं राहण्याचा भाग त्यांनी स्वतः कधीतरी घातला होता. पुढे सांगून सांगून तो त्यांनाही खरा वाटायला लागला होता.

मागच्या वर्षी जून महिन्यात विनेश त्यांच्याकडे आला. विनेशची स्वतःची बोट आहे आणि कोळीवाड्याच्या सोसायटीचं तो काम बघतो. बरोबर त्याची आजी होती, चंद्राबाई. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई रिक्षातून उतरून काठी टेकत ओटीवर आली. कोळीवाड्यातल्या जुन्या पोलीसपाटलाच्या घराच्या जागी आता पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या जात होत्या. घर उतरवताना पत्र्याची एक पेटी निघाली आणि तिच्यात मोडीतला एक कागद होता. तो मिठाच्या त्या प्रकरणाचाच असावा, असा विनेशचा अंदाज होता.

"काका, सात जणांची नावं हवीत," विनेश म्हणाला. "जेटीजवळ दगड बसवतोय. चार नावं माहीत हायत. बाकीची म्हातारे लोक वेगवेगळी सांगतात."

"आमचा सासरा त्यात हाय का, ते बघा," चंद्राबाई म्हणाल्या.

टिपणीसांनी चष्मा पुसला आणि कागद उघडला. तो मामलेदाराने पाटलाला पाठवलेला हुकूम होता. सही त्यांनी लगेच ओळखली. घरातल्या जुन्या पत्रांवर तीच सही होती, शेवटच्या अक्षराची शेपटी तशीच लांब ओढलेली. त्यांना आनंद झाला आणि ते मनातल्या मनात पुढे वाचायला लागले.

हुकमात असं होतं: "साहेबबहादूर यांचे मत सदरहू इसमांस समज देऊन सोडावे असे पडले होते. परंतु या लोकांस नरमाई दाखविल्यास किनारा हाताबाहेर जाईल, असे आम्ही लिहून कळविल्यावरून त्यांच्या होड्या फोडण्यास मंजुरी आली आहे. हुकूम पोचताच एक दिवसाचे आत होड्या फोडाव्या, नाहीतर हे इसम होड्या जंजिरा संस्थानच्या हद्दीत पळवितील. लाकूड कचेरीत जळणास पाठवावे." त्याखाली सात नावं होती.

म्हणजे गोरा साहेब सोडायला तयार होता. त्यांच्या आजोबांनी सोडू दिलं नव्हतं.

"काय लिवलंय?" चंद्राबाईंनी विचारलं.

टिपणीसांनी सातही नावं वाचली. तिसरं नाव दादूचं होतं. चंद्राबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं. दादू त्यांचे सासरे. होडी गेल्यावर ते मुंबईला गोदीत कामाला गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हा चंद्राबाईंचा नवरा पाळण्यात होता.

"आणि होड्यांचं?" विनेश म्हणाला.

"वरून हुकूम आला होता," टिपणीस म्हणाले. "कलेक्टरसाहेबाचा. मामलेदाराने नुसता खाली कळवला."

"मामलेदार म्हणजे तुमचे आजोबा ना?"

"हो."

"त्यांचं तरी काय चालणार होतं," चंद्राबाई म्हणाल्या. "चांगला माणूस होता म्हणून गावाचा जीव वाचला." निघताना त्यांनी पिशवीतून केळीच्या पानात बांधलेली दोन पापलेटं काढून टिपणीसांच्या सुनेच्या हातात दिली. त्या दिवशी टिपणीस पोट बरं नाही म्हणून जेवले नाहीत.

मी त्यांचा शेजारी. ते मला नंतर म्हणाले, "खोटं बोलायचं असं मी ठरवलं नव्हतं. डोळ्यांनी ओळ सोडली आणि तोंड पुढे गेलं." पण लगेच स्वतःच म्हणाले, "हेही बरोबर नाही. मी ठरवूनच सोडली."

महिनाभर त्यांनी मनाची समजूत घातली. नव्वद वर्षांपूर्वीची गोष्ट, आता कुणाला काय त्याचं. बाकी लोकांचे कागद वाचायचंही त्यांनी बंद केलं, डोळे दुखतात असं सांगून. मग जुलैच्या शेवटी विनेशने मोबाईलवर दगडाच्या मजकुराचा फोटो पाठवला. 'काका, शुद्धलेखन बघून द्या.' वर सात नावं होती. त्याखाली लिहिलं होतं: 'गावाच्या पाठीशी उभे राहिलेले मामलेदार रावसाहेब टिपणीस यांचे कृतज्ञ स्मरण.'

टिपणीसांनी तो मजकूर दोनदा वाचला, अंगात शर्ट घातला आणि रिक्षा केली.

चंद्राबाई घराच्या पडवीत बसून सुकट निवडत होत्या. विनेश जाळं शिवत होता. टिपणीस बसले नाहीत. म्हणाले, "तो कागद आणा. मी तेव्हा सगळा वाचला नव्हता."

विनेशने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद आणला. टिपणीसांनी उभ्यानेच पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि प्रत्येक वाक्याचा अर्थ सांगितला. लाकूड जळणास पाठवावे, ही ओळ त्यांनी दोनदा वाचून दाखवली.

मग चंद्राबाईंनी विचारलं, "तेव्हा हे दिसलं न्हाय तुमाला?"

"दिसलं होतं."

"मग?"

"लाज वाटली."

"आजोबाला मी बघितलं न्हाय," त्या म्हणाल्या. "तो इंग्रजाचा नोकर होता, त्यानं इंग्रजाचं काम केलं. तुमाला बघितलंय. विनेशचा बाप शाळेत होता तवापासून तुमचं भाषण ऐकतेय मी. ते पाठ करून उभा राहिला ते, ते तरी खरं का?"

"नाही. ते माझंच."

चंद्राबाईंनी सुपातली सुकट बाजूला सारली. "पोरांना तुम्हीच सांगितलंय. आता जे हाय ते तुम्हीच सांगा. विनेशनं सांगून चालणार न्हाय."

पंधरा ऑगस्टला टिपणीस उभे राहिले. त्यांनी हुकूम वाचला, आजोबांचं नाव घेतलं, आणि म्हणाले की इतकी वर्षं मी तुम्हाला सांगत होतो ती गोष्ट खोटी होती, त्यातला अर्धा भाग मी घरी बसून रचला होता. टाळ्या झाल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी घाईघाईने खाऊ वाटायला सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका बापाने मोबाईलवर सगळं टिपून घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते ठाण्याच्या चुलतभावापर्यंत पोचलं. "घराण्याची अब्रू तू कोळीवाड्यात नेऊन टाकलीस," तो फोनवर म्हणाला आणि त्यानंतर त्याने फोन केला नाही. टिपणीसांच्या मुलानेही आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

मी त्यांना विचारलं, बोलून टाकल्यावर हलकं वाटलं का? ते म्हणाले, "नाही. लोकांना वाटतं तसं होत नाही. आधी लपवायची लाज होती, आता सगळ्यांना माहीत असल्याची आहे. फरक एवढाच की आता कुणी फसत नाही."

दगड बसला. त्यावर फक्त सात नावं आहेत. यंदा शाळेने भाषणाला रेवदंड्याच्या एका डॉक्टरांना बोलावलं. टिपणीस गेले होते, मैदानाच्या कडेला उभे होते.

मोडीचे कागद ते पुन्हा वाचायला लागले आहेत, पण आता एकट्याने वाचत नाहीत. विनेशची बायको तेजस्वी त्यांच्याकडे मोडी शिकायला येते. ते बोटाने एकेक अक्षर दाखवतात, ती मोठ्याने वाचते आणि वहीत उतरवते. तिचं चुकलं तरच ते बोलतात. चंद्राबाई अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. बाजारात समोर आल्या तर टिपणीस बाजूला होऊन वाट देतात, आणि त्या काठी टेकत पुढे जातात.