हवालदार सरवद्यांची बदली

धम्मपाल सरवद्यांवर चार पानं लिहावीत इतकी त्यांची माहिती नंदकिशोर गुप्त्यांना कधीच नव्हती. पाच वर्षं दोघं एकाच जिन्याने चढले-उतरले. गुप्ते दुसऱ्या मजल्यावर, सरवदे बरोबर त्यांच्या डोक्यावर, तिसऱ्या. पण सरवद्यांच्या थोरल्या मुलीचं नाव काय, असं कुणी विचारलं तर गुप्त्यांना आजही थांबावं लागेल.

ठाऊक होतं ते एवढंच. सरवदे मूळचे परभणीकडचे. अठराव्या वर्षी फौजेत भरती झाले, सिग्नलमध्ये. जबलपूरला शिकले, मग अंबाला, जोधपूर, पूंछ, पुन्हा अंबाला. ब्याण्णव साली सिडकोच्या सोडतीत जुईनगरची ही जागा लागली तेव्हा घरात आई बयाबाई, बायको अक्षता आणि दोन लहान मुली येऊन राहिल्या. ते स्वतः वर्षातून दोन महिने रजेवर यायचे. आले की एक काळी ट्रंक जिन्यातून वर जायची. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि युनिट. दर बदलीला जुनं युनिट काळ्या रंगाने पुसून वर नवं लिहिलेलं, त्यामुळे ट्रंकेच्या झाकणावर त्या जागी रंगाचा चांगला जाड थर बसला होता. गुप्त्यांनी एकदा जिन्यात त्याबद्दल विचारलं तेव्हा सरवदे हसून म्हणाले होते, "पोरीला घर एकदाच बदलायचं असतं साहेब. फौजीला दर तीन वर्षांनी."

रजेवर असले की ते सोसायटीचा पंप उघडून बसायचे. जिन्यातले दिवे त्यांनीच बदलले. चहा विचारला तर दारातच उभं राहून प्यायचे, आत या म्हटलं की हात ओले आहेत म्हणायचे. गुप्ते त्यांच्याकडे कधी गेले नाहीत. का गेले नाहीत, याचं उत्तर कुणी मागितलं असतं तर त्यांना धड देता आलं नसतं. आणि जे उत्तर माणसाला तोंडाने देता येत नाही, ते काय असतं हे या वयात त्यांना कळतं. पहिल्या मजल्यावरच्या प्रसादकडे ते सत्यनारायणाला जायचे, समोरच्यांकडे बारशाला गेले होते. तिसऱ्या मजल्यावर मात्र पाच वर्षांत पाऊल पडलं नाही.

एक संबंध आला होता, तोही कागदी. शहाण्णवच्या दिवाळीनंतर वरून सकाळपासून काहीतरी ओढल्याचा आवाज यायला लागला. घर्र, थोडं थांबून पुन्हा घर्र. दिवसातून चार-पाच वेळा. गुप्ते सोसायटीचे सेक्रेटरी. एका शिपिंग एजंटाच्या कचेरीत, आधी मुंबई बंदराच्या आणि मग न्हावा शेव्याच्या कामासाठी, त्यांनी पत्रं लिहिण्यात आयुष्य घालवलेलं. समोरासमोर बोलायला जीभ अडखळायची, कागदावर मात्र अडत नसे. त्यांनी फळ्यावर सूचना लावली: सभासदांनी फर्निचर सरकवताना खालील रहिवाशांचा विचार करावा ही विनंती. नाव कुणाचं घातलं नाही, याचं त्यांना त्या वेळी समाधान वाटलं. आवाज दोन दिवस थांबला, मग पुन्हा सुरू झाला, जरा हळू.

बयाबाईंना अर्धांगाचा झटका आला आहे हे त्यांना त्याच सुमारास वैजयंतीकडून, म्हणजे बायकोकडून, कळलं होतं. "अरेरे," असं ते म्हणालेही होते. आवाजाचा आणि झटक्याचा संबंध त्यांनी लावला नाही.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत एका दुपारी एक गृहस्थ दारात आले. ठाण्याच्या सैनिक बोर्डाचे कल्याण संघटक; म्हणजे निवृत्त फौजी, सैनिकांच्या घरी जाऊन चौकशी करणारे. हवालदार सरवद्यांनी घराजवळ बदली मिळावी म्हणून अर्ज केला होता. आई अंथरुणाला खिळलेली, बायको एकटी, मुली लहान, तेव्हा दोन वर्षांसाठी मुंबई-ठाण्याकडच्या एखाद्या एनसीसी बटालियनवर घ्यावं, असा. त्याची शहानिशा करायला ते आले होते, पण वर दाराला कुलूप.

"गेल्या असतील बाहेर," गुप्ते म्हणाले.

संघटकांनी पाणी मागून घेतलं आणि म्हणाले, मी परत येईनच, पण तोवर सोसायटीचं एक पत्र द्या. घरात कोण असतं, आईची स्थिती काय, बघायला माणूस आहे का. मग त्यांनी सहज विचारलं, "तुम्ही आजींना पाहिलंय ना?"

"हो हो. नेहमीच," गुप्ते म्हणाले.

हे शब्द कुठून आले ते त्यांना कळलं नाही. नाही म्हणायला फक्त एक श्वास लागला असता. पण आपल्याच डोक्यावर एक म्हातारी तीन महिने पडून आहे आणि आपण वर गेलो नाही, हे परक्या माणसासमोर, तेही फौजेच्या माणसासमोर, कसं बोलायचं? "जे आहे तेच लिहा," एवढं सांगून संघटक गेले.

गुप्त्यांनी लेटरहेड काढलं. चाळीस वर्षं त्यांनी शिफारशी आणि दाखले लिहिले होते, आणि त्या धंद्यातला नियम एकच होता: दाखला मागितला की चांगलं लिहायचं. चांगलं लिहिलं की माणसाचं काम होतं. शिवाय आपल्या इमारतीत जवानाची आई उघड्यावर पडली आहे, असं सरकारी कागदावर जाणं बरं दिसलं नसतं. त्यांनी सुरेख इंग्रजीत लिहिलं की कुटुंब अत्यंत सभ्य आहे, आईची प्रकृती समाधानकारक आहे, आणि प्रेमळ शेजारी रात्रंदिवस त्यांची विचारपूस करतात. जवानाने निश्चिंत मनाने देशसेवा करावी. शेवटचं वाक्य त्यांना फार आवडलं. वैजयंतीला त्यांनी मराठी करून ऐकवलं.

ती शेंगा सोलत होती. "प्रेमळ शेजारी म्हणजे कोण हो?" तिने विचारलं. "मी दोनदा गेले होते, तीही डबा परत करायला."

गुप्ते म्हणाले, तसं लिहायची पद्धत असते. आणि पत्र पोस्टात पडलं. ते मिळाल्यावर संघटक पुन्हा आले नाहीत.

मार्चच्या शेवटी सरवदे रजेवर आले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी बेल वाजवली, आणि या खेपेला आत येऊन बसले. खिशातून घडी केलेला कागद काढला. अर्ज नामंजूर झाला होता आणि सोबत बदलीचा हुकूम होता: तेजपूर, मे महिन्याच्या पंधरा तारखेला हजर. कुटुंब नेता येणार नाही अशी जागा.

"साहेब, तुमचं इंग्रजी चांगलं आहे," सरवदे म्हणाले. "जरा वाचून सांगा बरं, नामंजूर का केलाय ते."

गुप्त्यांनी चष्मा लावला. तिसऱ्या ओळीत त्यांना आपलंच वाक्य भेटलं. शब्द तेच, स्वल्पविराम तोच. प्रेमळ शेजारी, रात्रंदिवस. त्यांनी मराठीत सांगितलं, हळूहळू, डोळे कागदावरून न उचलता.

"असं कोणी लिहिलं असेल?" सरवद्यांनी विचारलं.

आवाजात राग नव्हता. गुप्त्यांना वर बघवलं नाही. सिग्नलमधला माणूस, दिवसभर इंग्रजीतले संदेश घेणारा-देणारा. त्याला एक परिच्छेद वाचून घ्यायला दुसऱ्या मजल्यावर यावं लागतं का? की तो वाट बघत होता, समोरचा माणूस आपणहून सांगतो का ते? हे गुप्त्यांना तेव्हा कळलं नाही आणि पुढेही कधी कळलं नाही.

"कुणीतरी लिहिलेलं दिसतंय," ते म्हणाले.

सरवद्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मग उठले. "चला, आईला बघून घ्या एकदा. वर आलाच नाहीत कधी."

अठरा पायऱ्या. गुप्त्यांनी त्या मोजल्या, कारण दुसरीकडे मन लावायला काही नव्हतं. आत खाटेवर बयाबाई होत्या, डावं अंग लाकडासारखं. खाटेशेजारी एक लाकडी खुर्ची होती, पायांना चिंध्या बांधलेल्या. खाटेपासून मोरीपर्यंत फरशीवर दोन समांतर ओरखडे गेले होते. अक्षता किरकोळ अंगाची बाई. सासूला उचलणं तिच्या हाताबाहेरचं, म्हणून खुर्चीत बसवून ओढत न्यायची. चिंध्या कधी बांधल्या हे गुप्त्यांना विचारावं लागलं नाही. फळ्यावरची सूचना त्यांना पाठ होती.

अक्षताने सांगितलं की मुलींना शाळेतून आणायला जाते तेव्हा बाहेरून कुलूप घालते, दुसरा इलाज नाही. बयाबाई काहीतरी बोलल्या. तोंड वाकडं झाल्यामुळे शब्द नीट येत नव्हते, अक्षताने ऐकून सांगितलं: मागं एकदा दुपारी कोणीतरी दार वाजवत होतं, मी आवाज दिला, पण भाईर जाईना.

गुप्ते खुर्चीकडे बघत उभे होते. बसायला घरात तीच एक खुर्ची होती. बयाबाईंनी उजव्या हाताने खाटेची कड थोपटली.

"बसा की," त्या म्हणाल्या. हे मात्र गुप्त्यांना स्वच्छ कळलं. "खालचेच ना तुमी? लई लांबून आलाव."

अक्षता हसली, सरवदेही हसले. गुप्ते खाटेच्या कडेला बसले आणि त्यांनी त्या घरातला पहिला चहा घेतला. तो गोड होता की कमी गोड, हे त्यांना आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं पत्र लिहिलं, मराठीत. आईची अवस्था, बाहेरचं कुलूप, ओरखडे, सगळं. फक्त सुरुवात अशी केली: 'मधल्या काळात परिस्थितीत बदल झाल्याने...' ते घेऊन ठाण्याची बस पकडून बोर्डात गेले. संघटकांनी पत्र दोनदा वाचलं. ते भले गृहस्थ होते.

"साहेब, महिनाभरात एवढा बदल?" त्यांनी विचारलं. "का आधीचंच चुकलं होतं? आधीचं पत्र न बघता लिहिलं, ते खोटं होतं, असं एका ओळीत द्या. मी अर्ज परत वर पाठवतो. नुसत्या बदललेल्या परिस्थितीवर ते नव्याने चौकशी लावतील, सहा महिने जातील. वीस एप्रिलच्या आत आणा."

एक ओळ. गुप्ते घरी आले आणि ती ओळ लिहायला बसले. 'अनवधानाने' असा शब्द घातला, काढला. 'अपुऱ्या माहितीमुळे' घातला, तोही काढला, कारण माहिती अठरा पायऱ्यांवर होती. एका खर्ड्यात चूक टायपिंगवर ढकलली आणि तो कागद स्वतःच फाडला. लेटरहेडवर लिहायचं म्हणजे चेअरमनची सही लागणार, कमिटीत वाचलं जाणार. सेक्रेटरीने खोटा दाखला दिला, हे पार्किंगमध्ये उभं राहून लोक बोलणार. रोज ते ठरवायचे की उद्या. वरून रोज चार-पाच वेळा खुर्ची ओढली जायची, चिंध्यांमुळे अगदी हळू, आणि आता तो आवाज कशाचा हे कळत असल्यामुळे तो त्यांना पूर्वीपेक्षा मोठा वाटायचा. सरवदे जिन्यात भेटले की मान हलवायचे. एकदाही त्यांनी पत्राचं विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित झालं असतं.

शेवटी वैजयंतीच म्हणाली, "लेटरहेड कशाला पाहिजे? साध्या कागदावर लिहा, मी खोटं लिहिलं. तुमच्या नावाने." ती तारीख एकवीस होती. त्यांनी साध्या कागदावर लिहिलं, सही केली, बावीसला ठाणे गाठलं. संघटकांनी कागद घेतला, तारीख टाकली, फाइलला लावला. हुकूम कायम झाल्याचं त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं, ते त्यांनी सांगितलं. पुढच्या वेळी उपयोगी पडेल, असंही म्हणाले. एवढ्या उशिरा खरं सांगितल्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही, हे गुप्त्यांना बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं.

सरवद्यांना त्या कागदाबद्दल सांगायचं त्यांनी बसमध्ये ठरवलं होतं. पहिलं पत्र माझं होतं, एवढं तरी. ते सांगणंही राहिलं.

मे महिन्याच्या आठ तारखेला टेम्पो आला. बयाबाईंना परभणीला धाकट्या मुलाकडे पोचवायचं होतं, अक्षता आणि मुली तिच्या माहेरी नांदेडला, आणि सरवदे तिथून पुढे तेजपूरला. एका घराचे तीन पत्ते झाले. जागा एका एजंटाकडे दिली होती. पुढे ती परस्पर विकली गेली, त्यामुळे सह्यांनासुद्धा कुणी इकडे आलं नाही. बयाबाईंना सरवद्यांनी पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरवलं. दुसऱ्या मजल्यावर गुप्ते दार उघडून उभे होते. बयाबाईंनी लेकाच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही.

सामान चढवून झाल्यावर गुप्ते खाली गेले. ओठांवर वाक्य तयार होतं. सरवदे टेम्पोचं फळकं लावत होते. कडी बसली का ते हलवून बघितलं आणि वळले.

"दुधाचं सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "उद्यापासून बंद करायला सांगाल का?"

"सांगतो. एक लिटर ना?"

"अर्धा."

"अर्धा. बरं, सांगतो."