मामांचं संत्रं आणि मेक्सिकोचा गोटा

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी मेक्सिकोत पडलेल्या उल्केचं सुतक आजतागायत पाळणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच, आणि तो म्हणजे माझे मोठे मामा. शिक्षण अकरावीपर्यंत, मोर्शीजवळ संत्र्याची बाग, आणि डोक्यात एकच ध्यास: आपली काळी माती झाली ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून, आणि तो लाव्हा उसळला पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला उल्का आदळली म्हणून. हे त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तेव्हापासून घरी आलेल्या कोणाचीही सुटका झाली नाही. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी मामा एक मऊ झालेलं संत्रं तळहातावर घेत, "हे पाहा, हे पृथ्वी," म्हणत आणि एका बाजूनं गुद्दा हाणत. रस दुसऱ्या बाजूनं उडे, तो नेमका पाहुण्याच्या शर्टावर. मामेबहिणीला बघायला मंडळी आली तेव्हा मुलाच्या वडिलांचा पांढराशुभ्र सदरा असाच पिवळा झाला. ते सदरा झटकत होते आणि मामा समजावत होते, "बुधावरही असंच हाये जी. एका अंगाले मोठा खड्डा, अन् बरोबर मांगच्या अंगाले जमीन पार उखडलेली." तरीही सोयरीक जुळली, कशी ते देव जाणे.

मामांना आयुष्यभरात एकच माणूस पटवता आला नाही, तो म्हणजे मामी. ओल्या फडक्यानं पाहुण्याचा शर्ट पुसता पुसता ती दर वेळी विचारी, "गोटा तिकडे पडला, तं इकडे काहून फुटलं?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणे, "दूध आदीच उतू जाऊन राहिलं असन. तुमचा गोटा पडला, अन् नाव त्याचं झालं." मामा चिडत. वीस-पंचवीस वर्षं हे असंच चाललं होतं. मी तर संत्रं दिसलं की गोठ्यात पळ काढायचो.

गेल्या पौषात मामी गेली. अमरावतीच्या दवाखान्यात चार दिवस, बस. मामांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तरी नाही. उल्केचं नावही त्यांनी टाकलं, आणि पुढं जेवणही. मामेबहिणीचा मला अकोल्याला फोन आला, "दादा, बाबा रडत नाईत, बोलत नाईत. चार दिवस झाले, नुसत्या चहावर हायेत. तू येऊन जाय." मी घाबरलो आणि निघालो.

मामा विहिरीच्या काठावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसलो. मग खाली पडलेलं एक संत्रं उचलून त्यांच्या हातात दिलं आणि मामीच्याच शब्दांत विचारलं, "मामा, गोटा तिकडे पडला, तं इकडे काहून फुटलं?"

 त्यांनी संत्रं मांडीवर ठेवलं आणि बंडीच्या खिशातून घडी घालघालून मऊ पडलेलं वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं.

"दोन वर्सं झाले याले," ते म्हणाले. "याच्यात लिवलं हाये, लाव्हा आदीपासूनच वाहून राहिला होता. गोट्यानं फार तं जोर वाढवला, अन् तेही नक्की नाई." कात्रणाची घडी घालत म्हणाले, "तिचंच बरोबर होतं. मी लपवून ठेवलं, बाबू. म्हटलं, सांगू कवातरी."

आणि मग सत्तरीचा तो माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मीही रडलो. त्या संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकर खाल्ली.

मामा आता पुन्हा पाहुण्यांना उल्का सांगतात, पण सुरुवात बदलली आहे. "आमच्या घरी म्हनत होते," ते मामीचं नाव न घेता म्हणतात, "का लाव्हा आदीपासूनच वाहून राहिला होता. ते बरोबर होतं." मग गुद्दा न मारता संत्रं हळूच सोलतात आणि फोडी पाहुण्याच्या हातावर ठेवतात. परवा मी मुद्दाम पांढरा शर्ट घालून गेलो होतो. तो कोराच घेऊन परत आलो.