अक्का आणि गाडीचा विमा

"गाडी कोण चालवतं?"

विमा काढायला आलेल्या प्रत्येकाला अक्का हे आधी विचारत. आलेला माणूस हप्ता किती ते विचारायच्या घाईत असे. अक्का चष्मा कपाळावर सारून शांत बसून राहत. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे सरकत नसत.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. जळगावात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून त्यांची विमा एजन्सीची खोली होती. मधली भिंत पातळ, त्यामुळे त्यांचं बोलणं मला सगळं ऐकू येई.

एकदा धरणगावकडचे एक नाना खिळखिळी गाडी घेऊन आले. त्यांना सगळ्यात मोठा विमा हवा होता. अक्का गाडीभोवती एक फेरी मारून आल्या आणि म्हणाल्या, गाडी घर ते शेत एवढीच फिरते, तर दुसऱ्या कुणाला लागलं-खुपलं तर भरपाई देणारा, कायद्यानं घ्यावाच लागतो तो विमा घ्या, आणि सोबत स्वतःचा अपघात विमा. पत्र्यावर पैसे घालू नका. जाताना नाना माझ्या कानाशी म्हणाले, "बाई भली शे, पन धंद्याले कच्ची शे."

पुढे माझ्या वडिलांना डायलिसिस लागलं, म्हणून मी गाडी घेतली. मला चालवता येत नव्हती. मागच्या गल्लीतल्या सुभाषला पगारावर ठेवलं. अक्का म्हणाल्या, त्याची जोखीम वेगळी जोडावी लागेल. मी म्हटलं, पूर्ण विमा घेतेय की.

"पूर्ण म्हणजे गाडी पूर्ण," अक्का म्हणाल्या. "माणूस धरावा लागतो."

त्या काही सोडेनात, म्हणून मी हो म्हटलं.

वर्षाच्या आतच, वडिलांना दवाखान्यात सोडून येताना सुभाषच्या समोर ट्रॅक्टर आडवा आला. त्याला वाचवताना गाडी दुभाजकावर गेली. सुभाषचा हात मोडला. दोन दिवसांनी त्याच्या बायकोनं गाडीची किल्ली आणून माझ्या काउंटरवर ठेवली. नोकरी गेली असं धरून तो जेवतही नाही, एवढंच ती सांगू शकली.

अक्का मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. खाटेच्या कडेला बसून त्यांनी पॉलिसीतली ती वेगळी जोडलेली ओळ त्याला दाखवली.

"यात माझं नाव कुठे आहे?" त्यानं विचारलं.

"नाव नसतं रे भाऊ. 'पगारी ड्रायव्हर' लिहिलंय ना, तो तूच."

सुभाष भिंतीकडे तोंड करून रडला. अक्का तिथेच बसून राहिल्या. भरपाई मिळायला वेळ लागला, पण मिळाली. प्रत्येक खेपेला अक्का त्याच्याबरोबर गेल्या. हात बरा झाल्यावर तो पुन्हा आमच्या गाडीवर आला.

मागच्या वर्षी अक्कांनी खोली सोडली आणि मुलीकडे नागपूरला राहायला निघाल्या. भुसावळहून रेल्वे होती. तिथवर सुभाषच आमच्या गाडीनं नेणार होता, मीही गेले. जन्मभर अपघातांचं बोलणाऱ्या अक्का जळगाव सुटताच मागच्या सीटवर, मांडीवर डबा घेऊन, गाढ झोपल्या. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते, पुढे निघून जात होते. सुभाषनं आरशात एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी आणखी हळू केली.