पावडर लावून तपासणीला

परवा आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये त्वचेच्या कॅन्सरची मोफत तपासणी होती. मी दारापाशी नावं लिहून घेत होतो आणि माणसं चक्क तोंडाला पावडर लावून येत होती. कातडी दाखवायला जायचं, तेही ती झाकून. डॉक्टरीणबाई ओल्या कापसाने एकेकाचं तोंड पुसायच्या आणि विचारायच्या, "एखादा वाढणारा तीळ, न भरणारी जखम?" उत्तर ठरलेलं. "तसलं काही नाही हो. हे वांग कशाने जाईल, तेवढं सांगा."

वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या मानेवरचा तीळ वर्षभर वाढतोय. मला त्यांनीच जिन्यात दाखवला होता. टेबलापाशी मात्र त्यांनी पदर मानेभोवती घट्ट ओढून घेतला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "चारचौघांत कुठे दाखवायचं? मुलीचं लग्न जमवायचंय अजून." मला त्यांची कीवसुद्धा आली नाही. या लोकांना आजार चालतो, फक्त त्याचं नाव कुणी मोठ्याने घ्यायचं नाही. वर घरी जाऊन सांगतील, आम्ही तपासून आलो.

हॉल रिकामा झाल्यावर डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. "काका, तुम्हीच राहिलात. बूट-मोजे काढा, तळवेही बघावे लागतात."

"पुढच्या वेळी बघू," म्हणत मी खुर्च्या आवरायला लागलो.

माझ्या डाव्या टाचेखाली दिवाळीपासून एक काळा डाग आहे. दुखत नाही. सकाळी निघताना मी त्या पायात दोन मोजे घातले होते.