वामनकाकांची नम्र विनंती

रविवारी सकाळी रामदासपेठेत शुभांगी वकिलाच्या ऑफिसात आम्ही फ्री सॉफ्टवेअरवाले जमतो. दोन तासांत कोड होतो दहा ओळी, किस्से होतात पोतंभर! निम्मे एकट्या वामनकाकांचे.

रिटायर झाल्यावर काकांनी खानावळींसाठी प्रोग्राम लिहिला. बाहेर ऑर्डर घेतली की आत आचाऱ्याच्या स्क्रीनवर दिसते. लायसन्स एकदम मोकळं: कोणीही वापरा, बदला, वाटा. खाली मात्र लिहिलेलं, 'नम्र विनंती: मांसाहारी स्वयंपाकघरात वापरू नये. स्क्रीनचा हिरवा रंग बदलू नये.'

शुभांगी म्हणाली, "काका, लायसन्स पाळावं लागते. विनंती नाही."

"मंग मी लिहिली काहून वं?"

"मन मोकळं करायले!"

काका दोन रविवार तिच्याशी बोलले नाहीत. चहा मात्र तिचाच प्यायले.

*

रामटेकच्या राइस मिलवाल्यानं तोच प्रोग्राम धान घेऊन येणाऱ्यांचे नंबर दाखवायला लावला आणि रंग केला पिवळा. काकांनी तणतणत फोन लावला.

"काका, मले हिरवा अन् लाल एकच दिसते ना!"

काकांनी बसल्या जागी विनंतीतली रंगाची ओळ खोडली.

*

काका ज्या एडिटरमधे कोड लिहितात, त्याच्या लेखकाचीही विनंती आहे: आवडला तर तुमच्या गावाहून एक पोस्टकार्ड पाठवा.

"किती वर्षं वापरून राहिले, काका?" शुभांगीनं विचारलं.

"बारा."

"पाठवलं?"

"विनंतीच होती ना वं ती!"

हे बोलून काका स्वतःच हसत सुटले.

*

एकदा झणझणीत मटणासाठी नावाजलेल्या सावजी भोजनालयाचे गजाननभौ हात जोडून आले. "काका, तुमची विनंती कालच वाचली. वर्षभर मटण चालवून राहिलो. तुम्ही म्हणाल तं काढून टाकतो. पण आमच्या सुखदेवले ऐकू येत नाही. स्क्रीन पाहूनच रांधते. ते गेली तं त्याचं काम जाते."

काका म्हणाले, "पण यादीत मटण टाकलंच नाही मी!"

"म्हणून वांगं म्हणजे मटण, बटाटा म्हणजे चिकन."

"अन् कोणी खरंच वांगं मागितलं तं?"

"सावजीत?"

पुढच्या रविवारी काकांनी नवीन व्हर्जन आणलं. विनंती जिथल्या तिथे. यादीत मात्र ठळक अक्षरांत मटण, चिकन, खूर!

शुभांगी ओरडली, "काका, हे काय?"

"विनंती वापरणाऱ्याले आहे," काका म्हणाले. "मी तं लेखक आहो!"